लांब पाठीची मोटार

२०२१ सालच्या फेब्रुवारीत मी ती गाडी पहिल्यांदा गावात नेली, तेव्हा पारावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मला वाटले, साहेब आले म्हणून नमस्कार केला. मीही मान लववली. दुसऱ्या दिवशी भावाकडून उलगडा झाला. त्यांना ती शववाहिका वाटली होती! "कुणाला आणलं रे?" असे त्यांनी शेजारच्याला विचारलेही होते.

शेतकरी बंधुभगिनींनो, त्यात त्यांची काही चूक नव्हती. गाडीच तशी आहे. पुढून पाहावी तर साधी मोटार. पण जिथे इतर मोटारींची पाठ उतरते आणि डिकी सुरू होते, तिथे हिचे छप्पर तसेच सरळ मागे जाते आणि शेवटी एकदम खाली येते. मागे पाचवे दार, ते वरच्या बाजूला उघडते. मागची बाक पुढे पाडली की चालकाच्या पाठीपासून त्या दारापर्यंत एक लांब सपाट जागा मिळते. अशा गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात, कोणी इस्टेट म्हणतात. आमच्या गावात तिला पहिल्याच आठवड्यात "लांबडी" हे नाव पडले, आणि आरटीओच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, आता तिचे तेच नाव आहे.

माझी नोकरी शेतीखात्याची. उमेदीची वर्षे मोटारसायकलवर आणि सरकारी जीपमध्ये गेली. स्वतःची चारचाकी ही पहिलीच, तीही दुसऱ्याने चौदा वर्षे वापरून टाकलेली. ती हौसेने घेतली असे म्हणालो तर खोटे होईल. घेतली ती दोन अडचणींपोटी. एक अडचण अंजिरांची आणि दुसरी आईची.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात. भावाची दीड एकर अंजिराची बाग आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुक आपण सर्वांनी केले. पण मानांकन मिळाले म्हणून अंजिराची साल काही जाड झाली नाही. अंजीर हे फळ आंब्यासारखे अढीत पिकत नाही. झाडावर पिकलेलेच उतरवावे लागते, आणि उतरवल्यावर एक-दोन दिवसांत खाणाऱ्याच्या हाती पडावे लागते. त्यामुळे पहाटे तोडणी आणि लगेच पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचा रस्ता. खट्टा बहाराचा माल थंडीत जातो, मीठा बहाराचा उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातला तर जास्तच नाजूक.

भाऊ माल पाठवायचा भाड्याच्या पिकअपमधून. आता इथे एक बारकावा आहे, तो मी एवढी वर्षे शेतीखात्यात राहूनही नीट ध्यानात घेतला नव्हता. पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात. ते टनभर ओझ्यासाठी बसवलेले. गाडी भरून चालली तर पाटे नीट दबतात आणि माल शांत बसतो. पण आपल्या दीडशे-पावणेदोनशे किलो अंजिरांनी ते दबतच नाहीत. गाडी रिकामी असल्यासारखी उडते, आणि तिच्याबरोबर अंजीर उडते. खालच्या थरातली फळे फुटून चीक सुटलेला माल आडत्यापुढे ठेवताना भावाला काय वाटत असेल, ते ज्यांनी तसा माल विकला आहे त्यांना सांगायला नको. मोटारीच्या स्प्रिंगा मात्र माणसांच्या वजनासाठी केलेल्या असतात. मागे बसणारी माणसे आणि त्यांचे सामान म्हणजे जवळपास तेवढेच वजन. आमचा अंजीर लांबडीत बसून पहिल्यांदा गेला, तेव्हा क्रेट जसे भरले तसेच उतरले. भाऊ मोजून बोलणारा माणूस आहे. त्याने मार्केट यार्डातून फोन करून एवढेच सांगितले, "झोपून आलाय माल."

हा काही माझा शोध नव्हे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या अभियंत्यांना शेतकऱ्यांसाठी एक स्वस्त मोटार करायला सांगितली. तिने पायात लाकडी खडावा घातलेल्या शेतकऱ्यांना आणि ५० किलो बटाट्यांना वाहून न्यावे, आणि नांगरलेल्या रानातून गेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत, अशी त्यांची अट सांगितली जाते. मध्ये महायुद्ध आले, म्हणून ती गाडी लोकांपुढे यायला १९४८ साल उजाडले. तिचे नाव टू-सीव्ही. ती काही स्टेशन वॅगन नव्हे, पण तिच्या पाठीमागचा विचार तोच. अंड्यांच्या जागी आपण अंजीर घालायचे, एवढेच. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९५३ साली लांब पाठीची गाडी काढली आणि तिला "ड्युएट" म्हणजे युगलगीत असे नाव दिले. आठवडाभर कामाला आणि सुट्टीला कुटुंबासाठी, अशा एकीत दोन गाड्या. मला हे नाव फार आवडते.

आणि स्टेशन वॅगन हे नाव? अमेरिकेत रेल्वेच्या स्टेशनावर उतरलेली माणसे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलपर्यंत पोचवणाऱ्या गाड्या असत, त्यांवरून ते आले. सुरुवातीला त्यांची पाठ लाकडाचीच असे. इंग्लंडमध्ये जमीनजुमल्यावर फिरायची गाडी म्हणून इस्टेट. म्हणजे पाहा, नावात स्टेशनही आहे आणि शेतजमीनही आहे. दोन्ही आपल्याच कामाची.

आपल्याकडे मात्र तिचे नशीब उघडले नाही. अ‍ॅम्बॅसडरची अशी आवृत्ती होती. पुण्यात टाटांनी १९९२ साली "इस्टेट" काढली, १९४८ सीसीच्या डिझेल इंजिनाची. मारुतीची बलेनो अल्टुरा येऊन गेली. २००४ साली टाटांचीच इंडिगो मरिना आली. सगळ्या बंद झाल्या. ज्याला मोटार हवी त्याला वेगळी डिकी असलेली हवी होती, आणि ज्याला सामान न्यायचे त्याला टेम्पो हवा होता. दोन्ही एकीत आहे हे सांगूनही लोकांना पटले नाही, कारण दिसायला ती रुग्णवाहिकेसारखी! आज सर्वसामान्याला परवडेल अशी नवी स्टेशन वॅगन आपल्या बाजारात नाही. म्हणून हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते, आणि मागणी नसल्यामुळे ती स्वस्त मिळते. लोकांच्या नावडीचा मला झालेला हा फायदा.

माझी मरिना २००७ सालची, १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनाची. पुण्यातल्या एका गृहस्थांकडून ८५ हजारांना घेतली.

आता आईचे सांगतो. २०१९ साली आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, काठी घेऊन अंगणात फिरू लागली. पण पाय गुडघ्याच्या वर उचलला जाईना. जीपची पायरी चढता येईना, पिकअपची तर दूरच. रिक्षात चढताना एकदा तोल गेला आणि तिने धसका घेतला. त्यानंतर ती घराबाहेर पडायचीच बंद झाली. दीड वर्षात फक्त डॉक्टरकडे, तीही दोघांनी उचलून. उचलून घेतलेले तिला आवडत नसे. "मी काय पोतं आहे का," म्हणायची. भाचीच्या लग्नाला आली नाही. जेजुरीची वारी चुकली.

या गाडीची बैठक आपल्या बाजेच्या उंचीची आहे. आई दाराशी पाठ करून उभी राहते, हळूच बसते आणि मग दोन्ही पाय एकेक करून आत घेते. कुणी हात लावायचा नाही. काठी आणि चाकांची खुर्ची मागे आडवी. पहिल्या दिवशी ती अंगणातल्या उभ्या गाडीत नुसतीच अर्धा तास बसून राहिली. मी विचारले, "आई, जायचं का कुठं?" तर म्हणाली, "बघू दे की जरा." त्या रविवारी आम्ही जेजुरीला गेलो. गडाच्या पायऱ्या तिला चढता येणार नव्हत्या, हे तिलाही ठाऊक होते. खालूनच गडाकडे पाहून तिने हात जोडले, भंडारा उधळला. त्यातला निम्मा गाडीतच उडाला. बैठकीच्या शिवणीत तो पिवळा रंग अजून आहे, मी काढलेला नाही.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळे ठीक, पण जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. ऐकून घ्या. पहिल्या वर्षी मी तिच्यावर ४१ हजार रुपये खर्च केले. टायमिंग बेल्ट, चारही टायर, बॅटरी, क्लच. २०२२ साली तिला पंधरा वर्षे झाली, तेव्हा तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. त्याची फी त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून ६०० वरून ५ हजार झाली होती. शिवाय पर्यावरण कर. त्यानंतर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास दुरुस्ती येते. हे सगळे मी वहीत लिहून ठेवले आहे, भाऊ विहिरीचा खर्च लिहितो तसे.

वही ठेवायचे कारण माझा पुतण्या. त्याच्या मनात नवी उंच गाडी होती. "काका, ही गाडी दारात उभी करायची? उद्या माझ्या सोयरिकीला लोक येतील," हे त्याचे म्हणणे, आणि ते अगदीच हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. आपल्या समाजात दारातली गाडी पाहून माणसाची पत ठरवतात, हे मीही पाहतो. मी त्याला फक्त हिशेब मांडून दाखवला. आठ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे १३ हजार २८० रुपये. सात वर्षांत भरायचे सुमारे ११ लाख १५ हजार. म्हणजे सव्वातीन लाखांच्या घरात नुसते व्याज. आणि हप्ता दर महिन्याला येतो, अंजिराचे पैसे दर महिन्याला येत नाहीत. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी त्याच्या वडिलांनी त्या वर्षीचे बाजूला पडलेले पैसे शेततळ्याच्या अस्तराला घातले. पुतण्याला माझे पटले असे मी म्हणणार नाही. तो गप्प बसला, एवढेच.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. २०२३ सालच्या मे महिन्यात आईला पुण्याला दाखवून परत येत होतो. दुपारचे ऊन, दिवे घाटाची चढण. पाण्याचा काटा वर चाललेला मला दिसत होता. वाटले, एवढा घाट चढून जाऊ, माथ्यावर थांबू. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरचा रबरी पाइप फुटला होता. मिस्त्रीने दोन महिने आधीच सांगितले होते की, पाइप कडक झालेत, बदलून घ्या. मी चालढकल केली. शिवाय आधीच्या मालकाकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले गेले होते. ते उघडले तेव्हा आत पांढरा क्षार बसलेला. आता मला सांगा, ठिबकची छिद्रे क्षाराने बंद होतात म्हणून गावोगाव जाऊन आम्लप्रक्रिया शिकवणारा मी, माझ्याच गाडीच्या पोटात तोच क्षार साचलेला मला सुचला नाही! रेडिएटरला कूलंटच घालावे, पातळ करायला शुद्ध पाणी वापरावे. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. काटा चढू लागला की तिथेच थांबावे. इंजिनाला माथा आणि पायथा कळत नाही.

रस्ता सोडून मोकळ्या जागेत गाडी घेतली, चाकामागे दगड लावला, मिस्त्रीला फोन केला. तो सासवडहून यायला तासभर तरी लागणार. आईला उन्हात कुठे बसवायचे हा प्रश्न होता. मी मागचे दार वर उघडले. त्याची छपरी झाली. खालची फळी ओट्यासारखी. आई तिथे पाय सोडून बसली. खाली मस्तानी तलाव दिसत होता, उन्हाळ्याने आटलेला. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती आम्ही खाल्ली. आई बोलू लागली. लग्न होऊन ती या गावात आली ती बैलगाडीतून, याच घाटाने, आणि तिच्या वडिलांनी वाटेत गाडी थांबवून तिला हाच तलाव दाखवला होता. माझ्या पन्नाशीपर्यंत ही गोष्ट मी ऐकलेली नव्हती. मिस्त्री पोचला तेव्हा, खरे सांगतो, मला वाटले हा जरा उशिरा आला असता तरी चालले असते.

तर ज्यांना अशी जुनी गाडी घ्यायची इच्छा होईल त्यांच्यासाठी थोडे. जनावर घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाडीचेही तेच. सकाळी लवकर जा आणि मालकाला आधी सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार असले पाहिजे. थंड डिझेल इंजिन कसे सुरू होते यात त्याची निम्मी प्रकृती कळते. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते आहे. काळा धूर भकाभका आला तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर थांबतच नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखे काही दिसले, तर पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे, परत फिरा. पायाखालची मॅटिंग उचलून गंज पाहा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली असली तरी म्हातारा टायर फुटतो. किलोमीटरच्या आकड्यावर फार विश्वास नको, ब्रेकच्या पायपट्टीचे रबर किती झिजले ते पाहा. तेही नवे बसवता येते म्हणा!

कागदांत आळस करू नका. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घ्या. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. दुसऱ्या आरटीओकडची गाडी असेल तर २८ नंबरचा ना-हरकत दाखला. "नंतर करू" म्हणून राहिलेली गाडी अपघातात सापडली तर दोघेही अडकतात. फी वेळोवेळी बदलते, ती आपल्या आरटीओत विचारून घ्या. आणि खासगी नंबरच्या गाडीत दुसऱ्याचा माल भाड्याने नेऊ नका. ते कायद्यात बसत नाही आणि वेळ आली तर विमा हात वर करतो.

एक गोष्ट बायाबापड्यांना मी मुद्दाम सांगतो. या गाडीत सामान आणि माणसे एकाच खोलीत असतात. मध्ये भिंत नाही. जोरात ब्रेक लागला तर मागचा क्रेट पुढच्या माणसाच्या मानेवर येतो. म्हणून क्रेट बाकेच्या पाठीपेक्षा उंच रचायचे नाहीत आणि दोरीने आवळून बांधायचे. माझ्या गाडीत एअरबॅगा नाहीत. पट्टे आहेत, ते सगळ्यांनी लावायचे, आणि मी साठच्या वर जात नाही. घाईच्या माणसाचे हे वाहन नाही. ज्याला रोज टनभर माल न्यायचा आहे त्याने पिकअपच घ्यावी. आणि ज्याच्या जवळपास विश्वासाचा मिस्त्री नाही, त्याने जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

आणि तरी तुम्ही विचाराल, मग यात आनंद तो काय? मला वाटते, ही गाडी कुणाला दाखवायची नाही, हाच मोठा. तिला ओरखडा पडला तर पडला. शेणखताचे पोते, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, आजारी वासरू, पाच नातवंडे, मांडवाच्या कनाती, काहीही घातले तरी जीव खाली-वर होत नाही. वासरू नेले त्या दिवसाचा वास महिनाभर होता, पण वासरू जगले. पहाटे घरून निघताना हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत क्षणभर थांबायचे, मग किल्ली फिरवायची. मागे अंजिराच्या पानांचा हिरवा वास. घाटात वळण घेताना ती जमिनीला धरून चालते, उंच गाड्यांसारखी झुलत नाही. चाक हातात असताना मी गाणे म्हणतो, हे मला भावजयीने सांगितले. मी म्हणतो हे मला माहीतच नव्हते.

२०२७ साली तिला पुन्हा तपासणीला न्यायचे आहे. तिने किती वर्षे साथ द्यावी याचा मी हिशेब मांडलेला नाही. मिस्त्री म्हणतो, इंजिन अजून चांगले आहे, तळाचा पत्रा बघावा लागेल. गेल्या दिवाळीत पुतण्याने न विचारता ती धुतली, आतून झाडली, आणि मागच्या दाराचे कुरकुरणारे कब्जे ऑइल घालून मोकळे केले. मग किल्ली खुंटीला न लावता स्वतःच्या खिशात ठेवली. मी काही बोललो नाही. संध्याकाळी तो आजीला घेऊन कुठेतरी गेला होता, रात्री जेवायला परत आली दोघे.